मागे वाफ हवी

माझ्याकडे वाफेचे काही हजार फोटो आहेत. आईचा मात्र एकही धड नव्हता, आणि त्यावरून ती मला गेली पाच-सहा वर्षं टोचत होती.

वाफेचा नाद कसा लागला ते आधी सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल अगदीच वाईट मत होणार नाही. मी व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला राहतो. इथे आता कॉम्प्युटरची गोदामं उभी आहेत, बिनखिडक्यांची, लांबच लांब. त्यातले कॉम्प्युटर तापू नयेत हे बघणं ही माझी नोकरी. हिवाळ्यात सकाळी या इमारतींच्या छपरांवरून पांढरी वाफ निघते आणि कोवळ्या उन्हात ती फार सुंदर दिसते. मी पार्किंगमध्ये उभा राहून तिचे फोटो काढू लागलो. दोनदा सिक्युरिटीवाला येऊन चौकशी करून गेला. मग मी सुट्ट्या टाकून, जमिनीतून फुकट वाफ निघते अशा ठिकाणी जायला लागलो. बायकोचं म्हणणं असं, की हा माणूस पाच दिवस उष्णता घालवण्याचा पगार घेतो आणि सुट्टीत तीच बघायला जातो.

यलोस्टोनला लोक उन्हाळ्यात जातात. मी हिवाळ्यात जातो. उन्हाळ्यात झऱ्यावर वाफेचा नुसता पदर दिसतो, तर शून्याखाली वीस अंशांत तीच वाफ भिंतीसारखी उभी राहते. आसपासच्या झाडांवर ती गोठते आणि झाडं पीठ चोपडल्यासारखी पांढरी होतात. हे सगळं मी बायकोला किती तरी वेळा समजावून सांगितलंय.

"अरे यार, गरम पाणी बघायला एवढा ट्रॅव्हल कशाला?" ती म्हणते. "आपल्या बाथरूममध्ये येतं. तिथे काढ फोटो."

आता आईकडे वळतो. आई नाशिकची, वय शहात्तर, शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. सहा वर्षांपूर्वी बाबा अचानक गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा घरात एकच धावपळ चालली होती : भिंतीवर लावायला, हार घालायला बाबांचा फोटो मिळत नव्हता. माझ्याकडे तेव्हाही चांगला कॅमेरा होता, पण त्यात बाबा नव्हते. शेवटी मामेभावाच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला, त्यातून बाबांना कापून काढलं आणि मोठं केलं. ते त्यात कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. उजवीकडे, बहुधा जेवणाच्या हॉलकडे बघतायत, आणि कपाळाला आठी आहे. आयुष्यभर शांत असलेला माणूस भिंतीवर मात्र जिलबी संपली की काय या चिंतेत कायमचा अडकलाय. शिवाय डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी पोपटी खांदा राहून गेलाय.

तो खांदा मला फार खुपायचा. मी एकदा कॉम्प्युटरवर तो पुसून टाकला आणि आईला नवा फोटो दाखवला. "असू दे आहे तसा," ती म्हणाली. वर्षभराने मी आणखी चांगल्या पद्धतीने पुसला, बाबांच्या मागचा मांडवही जोडून दिला. "असू दे म्हटलं ना," ती म्हणाली. म्हातारी माणसं वस्तू बदलू देत नाहीत, हे मला माहीत होतं. मी सोडून दिलं.

त्या धावपळीतून आईने एक धडा मात्र घेतला. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी तिने मला सांगितलं, "माझा फोटो वेळेत काढून ठेव. ऐन वेळी शोधाशोध नको."

तेव्हापासून ती तीनदा अमेरिकेत येऊन गेली. प्रत्येक वेळी एक घडी न मोडलेली साडी बॅगेत तळाशी आणायची आणि प्रत्येक वेळी ती तशीच परत न्यायची. कधी मी म्हणायचो उजेड बरोबर नाही, कधी म्हणायचो पुढच्या वीकेंडला नक्की, आणि अगदीच कोंडीत सापडलो की म्हणायचो, "आई, मी लँडस्केप करतो गं. पोर्ट्रेट माझी लाइन नाही."

"मी हलणार नाही," ती म्हणायची. "डोंगर समज."

खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही. तो फोटो काढला की तिची तयारी पूर्ण झाली, ती जायला मोकळी झाली, असं मला वाटायचं. काढलाच नाही तर तिला थांबावं लागेल. इंजिनिअर माणसाने असा विचार करावा याची मला लाज वाटायची, पण वाटायचं ते वाटायचं.

यंदाच्या जानेवारीत ती आली तेव्हा तिने विमानतळावरच जाहीर केलं, की ही शेवटची खेप. गुडघे आता इतका प्रवास करू देत नाहीत. आणि दिवाणखान्यात टांगलेला माझा एक फोटो बघून तिने जागाही ठरवून टाकली. मागे वाफेचे पांढरे लोट, वर निळं आकाश, असा तो फोटो होता.

"मला मागे हे हवं," ती म्हणाली.

"वाफ?"

"ढग वाटतात. आधीच वर पोचलेय असं दिसेल. नातेवाइकांची काळजी मिटेल."

बायको हसता हसता खाली बसली आणि लगेच आमची दोघांची तिकिटं काढून मोकळी झाली. स्वतः मात्र आली नाही. "थंडी आणि तुम्ही दोघं, एकत्र मला झेपणार नाही," म्हणाली.

हिवाळ्यात यलोस्टोनच्या आतल्या भागात आपली गाडी नेता येत नाही. माणसाच्या छातीएवढ्या चाकांची एक व्हॅन असते, तिला स्नोकोच म्हणतात. तिच्यात दहा-बारा जण आणि एक गाइड. आमची गाइड उंच, दणकट बाई होती. तिने मागे वळून समजावायला सुरुवात केली, की बर्फाचं पाणी जमिनीत मुरतं, खाली तापलेला खडक असतो, पाणी उकळतं, वाट अरुंद असली की दाब वाढतो आणि मग कारंजं उडतं. आई पहिल्या बाकावर बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. शेवटी मोठ्याने "करेक्ट!" म्हणाली. गाइडने चक्क "थँक यू मॅम" म्हटलं. परीक्षेत पास झाल्यासारखी दिसली ती गाइड.

आम्ही उतरलो. लाकडी पुलासारखी वाट बर्फातून पुढे गेली होती आणि दोन्ही बाजूंना जमीन उकळत होती. सडक्या अंड्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. आई पहिल्या झऱ्यापाशी थांबली आणि किती तरी वेळ बघत राहिली.

"तीस वर्षं हे फळ्यावर काढलं," ती म्हणाली. "खडूने. आता कळलं, माझ्या चित्रात वास राहून गेला होता."

मग तिने हातमोजे काढले, नमस्कार केला आणि पर्समधून नाणं बाहेर काढलं. मी तिचा हात वरच्या वर धरला. इथे पाण्यात काही टाकायला सक्त मनाई आहे, गाइडने दोनदा बजावलं होतं. "हळदकुंकूपण नाही?" आईने विचारलं. हळदकुंकूपण नाही म्हटल्यावर तिने नाणं परत ठेवलं आणि झऱ्याची माफी मागितली.

पहिला दिवस मी माझ्या कामात घालवला. तिला बाकावर बसवायचो आणि कॅमेऱ्याची तिपाई घेऊन इकडून तिकडे पळायचो. बॅटऱ्या थंडीत मरतात म्हणून बनियनच्या आत ठेवलेल्या, लेन्सवर वाफ बसून गोठते म्हणून दर मिनिटाला पुसायची, बोटं बधिर. आकाश भरून आलं होतं, त्यामुळे वरही पांढरं, खालीही पांढरं आणि मधली वाफही पांढरी. माझे सगळे फोटो रिकाम्या कागदासारखे येत होते.

आईने बाकावरून विचारलं, "फळा काळा का असतो?"

"आई, प्लीज."

"नाही, आपलं विचारलं. ती समोर गर्द झाडी आहे, तिच्यापुढे वाफ येते तेव्हा नीट दिसते. मला इथून दिसतंय."

मी तिपाई उचलून झाडीकडे वळवली. फोटो बरे आले. तिला सांगितलं नाही. संध्याकाळी तिने आपल्या फोटोचं विचारलं, तर म्हणालो, "उद्या नक्की."

"उद्या," ती म्हणाली.

आता एक तांत्रिक गोष्ट. गारठलेला कॅमेरा एकदम गरम खोलीत आणला तर त्याला आत-बाहेर घाम फुटतो. म्हणून बाहेरच तो हवाबंद पिशवीत घालायचा आणि पिशवीसकट आत आणून हळूहळू तापू द्यायचा. माझी पिशवी थंडीने तडकली होती. आईकडे झिपच्या पिशव्यांचा साठा असतो. आमच्या घरात झिपच्या पिशवीला पुनर्जन्म असतो : ती धुतली जाते, नळावर उलटी वाळते आणि पुन्हा भरली जाते. मी लॉजच्या दारातच तिच्याकडे एक मोठी पिशवी मागितली, तिने दिली, आणि मी कॅमेरा आत सरकवून निश्चिंत झालो.

सकाळी आकाश लख्ख निळं होतं. मी आनंदाने पहिला फोटो काढला. पिवळा. दुसरा काढला, तोही पिवळा, शिवाय धूसर. रंगाची सेटिंग बदलून पाहिली, कॅमेरा बंद करून चालू केला, बॅटरी बदलली. मग मला साक्षात्कार झाला. मी आईला सांगितलं, की या वाफेत गंधक असतं, ते रात्रभरात लेन्सवर बसलेलं दिसतंय, फार मोठा केमिकल इश्यू आहे.

आईने कॅमेरा हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "मेतकूट आहे."

खरोखरच मेतकूट होतं. ती पिशवी नाशिकहून मेतकूट भरून आली होती, अ‍ॅशबर्नला रिकामी झाली, आणि या एकाच पिशवीला धुणं लाभलं नव्हतं. कोपऱ्यात राहिलेली पूड लेन्सच्या काचेवर आणि फिरत्या कड्यात बसली होती, वर आता वाफेचं पाणी पडून तिची पेस्ट झाली होती. कडं फिरवलं तर जात्यासारखा आवाज यायचा. माझी सगळ्यात मोठी, खास देखाव्यांसाठी घेतलेली लेन्स मऊ भाताची सोबती होऊन बसली होती.

"दुसरी आहे ना?" आईने विचारलं.

दुसरी होती. छोटी, चेहऱ्यांसाठी असते ती. बॅगेत तळाशी, नवी कोरी, आईच्या साडीसारखीच घडी न मोडलेली.

"तिच्यात देखावा नाही येणार," मी म्हणालो.

"अरेरे," आई म्हणाली आणि जॅकेटची चेन खाली ओढू लागली. आत इरकली साडी होती. म्हणजे कंबरेपर्यंत साडी, खाली सगळ्या निऱ्या बर्फात घालायच्या विजारीत कोंबलेल्या. "खालचं तू घेणार नाहीस ना? मग झालं."

ती सकाळीच साडी नेसून आली होती. ती पिशवी तिने मुद्दाम दिली का, हे मी तिला नंतर चार वेळा विचारलं. चारही वेळा तिने मेतकूट महाग झाल्याचं सांगितलं.

मी तिला वाटेवर उभं केलं. मागे झरा, त्याच्या मागे गर्द झाडी, मधे वाफ. बुटांना बर्फावर न घसरण्यासाठी खिळ्यांचे पट्टे लावले होते, तरी मी बजावलं, "अजिबात हलू नकोस. मागे उकळतं पाणी आहे."

"डोंगर," ती म्हणाली आणि चेहरा गंभीर केला. हसायचं नाही हे तिने आधीच ठरवलं होतं. हसऱ्या फोटोसमोर लोकांना नीट रडता येत नाही म्हणे.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या लेन्समधून चेहरा फार जवळ येतो. आईचा चेहरा मी इतका वेळ सलग शेवटचा कधी बघितला होता, मला आठवेना. व्हिडिओ कॉलवर दिसतो, पण तिथे आपण आपल्याच चौकोनाकडे बघत असतो. वाफ तिच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर गोठत होती. केस पांढरे होतेच, आता भुवयाही पांढऱ्या झाल्या. बघता बघता ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. माझं बोट बटणावर होतं आणि मला ते दाबवेना.

"काढ रे," ती ओठ न हलवता म्हणाली. "फोटो काढल्याने कुणी मरत नाही. आणि न काढल्याने कुणी राहत नाही."

तिला सगळं माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. मी बटण दाबलं. वाफेसाठी कॅमेरा भराभर फोटो काढायच्या सेटिंगवर होता, तो खटखट सुरू झाला.

तेवढ्यात वारा फिरला. वाफेचा अख्खा लोट आमच्यावर आला आणि आई दिसेनाशी झाली. पांढऱ्याशिवाय काही नाही. आई तीन पावलांवर होती आणि तिच्यामागे हातभर अंतरावर उकळतं पाणी.

"आई!" मी ओरडलो. उत्तर नाही. म्हणजे असेल, पण झऱ्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी एका हातात कॅमेरा तसाच धरून पुढे झालो, दुसरा हात लांब केला आणि चाचपडलो. खांदा लागला. मी तो घट्ट धरला. वाफ विरळ झाली तर आई होती तिथेच, होती तशीच, आणि खो खो हसत होती.

"कुठे जाणार मी?" ती म्हणाली. "तूच म्हणालास ना, हलू नकोस म्हणून."

मी तिचा खांदा सोडला नाही. बर्फ निसरडा आहे, असं सांगितलं.

दुपारी लॉजमध्ये शेकोटीपाशी बसून आम्ही लॅपटॉपवर फोटो बघितले. आईने पेपर तपासावेत तसे ते निकालात काढले. यात डोळे मिटलेत. यात शाळा तपासणीला आल्यासारखी दिसते. मग एक आला. सगळीकडे वाफ, वाफेतून बाहेर येणारा तिचा चेहरा, भुवयांवर बर्फ, तोंडभर हसू. आणि डाव्या कोपऱ्यात तिच्या खांद्यावर माझा नारिंगी हातमोजा. घाबरून पुढे झालो तेव्हा माझं बोट बटणावरच राहिलं होतं.

"हा," आई म्हणाली.

"यात तू हसतेयस."

"हसू दे."

"दात दिसतायत."

"माझेच आहेत. निदान खालचे."

"बरं," मी म्हणालो. "फक्त हा हातमोजा काढतो. दोन मिनिटांचं काम."

"असू दे आहे तसा."

तोच आवाज, तेच शब्द. मी म्हटलं, "अगं, पण लोक विचारतील, हात कुणाचा."

"बाबांच्या फोटोतला खांदा कुणाचा, हे विचारलं कुणी? तू विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. तिने शेकोटीकडे बघत शांतपणे सांगितलं, "पोपटी शालू होता माझा. लग्नात यांच्या शेजारी मीच उभी होते."

आईला मी दोनदा पुसून टाकलं होतं, आणि दोन्ही वेळा तिलाच विचारलं होतं, की काम सफाईदार झालंय ना.

आई फेब्रुवारीत परत गेली. हातमोज्यासकट फोटो मोठा करून, चौकट लावून बरोबर घेऊन गेली. वेळेआधीच भिंतीवर लावलाय, हाराचा खिळासुद्धा ठोकून ठेवलाय, आणि त्या खिळ्याला सध्या किल्ल्या अडकवते. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे दोन्ही फोटो दिसतात. बाबा ज्या बाजूला बघतायत, त्याच बाजूला तिने स्वतःला लावून घेतलंय. आता ते जिलबीकडे बघत नाहीत.